पडण्याचे भय आणि सायकलची शर्यत



सायकलच्या शर्यतीवर व्याख्यान आहे असे कळले म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा वेगाची, घाटाची आणि पहिल्या नंबराची असते. मी आज बोलणार आहे ते पडण्याविषयी. जो शर्यतीत उतरतो तो केव्हा ना केव्हा पडतो, आणि पडण्याचे भय तर एकदाही न पडलेल्याच्या मनातसुद्धा असते. हे भय कोणी बोलून दाखवीत नाही. नव्याने आलेल्या मुलाने 'मला घोळक्यात भीती वाटते' असे म्हटले, तर जुनी मंडळी त्याला 'मग घरी बस' असे उत्तर देतात. हे उत्तर मला मान्य नाही. ते कठोर आहे एवढ्यासाठी नव्हे, तर ते अज्ञानातून आलेले आहे म्हणून. ते कसे, हे आज मला सांगावयाचे आहे.

मी स्वतः शर्यतपटू नव्हे. शाळा लवकर सुटली, आणि पुढची बरीचशी वर्षे कारखान्यांतून संघटनेचे काम करण्यात गेली. त्या कामात अपघातांच्या चौकश्या पुष्कळ पाहिल्या. कोणाचे बोट यंत्रात गेले की चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' एवढे दोन शब्द फार लवकर उमटतात. मग यंत्राला जाळी होती काय, जमिनीवर तेल सांडले होते काय, आदल्या रात्री त्याची जादा पाळी झाली होती काय, हे प्रश्न दुसऱ्या कोणीतरी विचारावे लागतात. हे प्रश्न विचारण्याची सवय जडल्यामुळे शर्यतीतील अपघाताकडेही मी त्याच नजरेने पाहतो. कोण पडला हे कळले म्हणजे चौकशी संपली असे मी मानीत नाही. आमच्या कामगारांत रविवारी शर्यतीला जाणारी तरुण मुले आहेत. त्यांच्याशी बोलून आणि मिळेल ते वाचून जे ध्यानात आले, ते आपणापुढे ठेवतो.

प्रथम हौशी शर्यतपटू म्हणजे कोण, हे पाहू. ज्याचे पोट शर्यतीवर नाही तो हौशी. त्याच्या मागे डॉक्टर नाही, मिस्त्री नाही, पगार देणारा संघ नाही. तो शनिवारी दुसरी पाळी करतो, रविवारी पहाटे उठून शर्यतीला जातो, आणि सोमवारी त्याला पुन्हा कामावर हजर व्हावयाचे असते. सायकलवरून पडणाऱ्याचे नेहमी मोडणारे हाड म्हणजे हासळीचे, डॉक्टर ज्याला कॉलरबोन म्हणतात ते. माणूस एका अंगावर पडतो, सारा भार खांद्यावर येतो, आणि खांदा व छाती यांना जोडणारे हे बारीक हाड तो धक्का सोसू शकत नाही. ते जुळून यायला साधारण सहा आठवडे तरी जातात, आणि जड काम करणाऱ्याला त्याहूनही अधिक.

शर्यतीत झालेली इजा ही कामावरची इजा नव्हे, म्हणून अपघाताची भरपाई मिळत नाही. राज्य कामगार विम्यात ज्याचे नाव आहे त्याला, अटी पुऱ्या झाल्या असल्यास, आजारपणाचा भत्ता मिळतो. तो मजुरीच्या ७० टक्के असतो आणि वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. ज्याचे नाव विम्यात नाही, जो रोजंदारीवर आहे किंवा ज्याची स्वतःची लहानशी टपरी आहे, त्याला तेवढाही आधार नाही. म्हणजे हौशी स्वाराला पडण्याचे जे भय वाटते त्यात हाड मोडण्याच्या वेदनेबरोबर दीड-दोन महिन्यांच्या घरखर्चाचा हिशेबही असतो. त्याला भित्रा म्हणण्यापूर्वी हा हिशेब आपण लक्षात घ्यावा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सायकलस्वार शर्यतीत एकमेकांना इतके चिकटून का चालतात? दूर दूर राहिले तर पडणार नाहीत, हे त्यांना कळत नाही काय? कळते, परंतु हवा त्यांना दूर राहू देत नाही. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराच्या कष्टांपैकी सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक कष्ट समोरची हवा बाजूला सारण्यात खर्च होतात. जो दुसऱ्याच्या अगदी मागे राहतो त्याला त्या हवेचा आडोसा मिळतो, आणि त्याचे सुमारे एक तृतीयांश कष्ट वाचतात. एक तृतीयांश म्हणजे थोडे नव्हे. शंभर किलोमीटरांच्या शर्यतीत जो एकटा वाऱ्याला तोंड देत राहील तो कितीही बलवान असला तरी शेवटी मागे पडेल. म्हणून घोळक्यात राहणे ही हौस नाही, ती शर्यतीची गरज आहे. धोका याच गरजेतून जन्मतो.

आडोसा मिळावा म्हणून मागचा स्वार आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकापासून अर्ध्या मीटरावर, कधी त्याहूनही जवळ ठेवतो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. आता समजा, पुढच्याला खड्डा दिसला आणि त्याने कचकन ब्रेक दाबला. हिशेब केला तर असे दिसते की मधले अर्धे मीटर अंतर जवळपास अर्ध्या सेकंदात संपते. डोळ्यांनी पाहणे, मनाने ओळखणे आणि बोटांनी ब्रेक दाबणे याला माणसाला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. म्हणजे मागचा कितीही सावध असला तरी त्याला उपाय करायला सवड उरत नाही. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी आपल्याकडे म्हण आहे. घोळक्यात ती उलटी होते. पुढच्याला ठेच लागली की मागचा आडवा होतो, आणि शहाणे व्हायला त्याला वेळच मिळत नाही.

पडतो तो मागचाच, याचेही कारण समजून घेण्यासारखे आहे. सायकल उभी राहते ती हँडलाच्या बारीक बारीक हालचालींमुळे. ती डावीकडे कलली की आपण नकळत हँडल किंचित डावीकडे वळवतो आणि चाक पुन्हा आपल्या भाराखाली आणतो. हे दर क्षणाला चालू असते. मागच्याचे पुढचे चाक जर पुढच्याच्या मागच्या चाकाला बाजूने घासले, तर ही हालचाल अडते. जिकडे चाक वळायला हवे तिकडे दुसरे चाक असते. तोल सावरण्याचे साधनच अडल्यामुळे मागचा स्वार पाहता पाहता खाली येतो. पुढच्याचे मात्र मागचेच चाक घासलेले असते आणि त्याचे हँडल मोकळे असते. त्यामुळे तो बहुधा उभा राहतो, कित्येकदा त्याला मागे काय झाले याची कल्पनाही नसते. म्हणून जाणते शिक्षक पहिला धडा हाच देतात की पुढच्याच्या चाकाशेजारी आपले चाक घुसवून ठेवू नका. मागे राहा, किंवा पुरते बाजूला या.

या सगळ्याचा अर्थ असा की घोळक्यात माझी सुरक्षितता माझ्या हातात थोडी असते आणि माझ्या पुढच्याच्या हातात जास्त असते. आणि माझ्या मागे जो आहे त्याची सुरक्षितता माझ्या हातात असते. मी वेडावाकडा वळलो, बाटली काढताना सायकल हलू दिली, खड्डा दिसूनही हाताने खूण केली नाही, तर त्याची किंमत तो भरतो. शंभर माणसे एकमेकांच्या भरवशावर सेकंदाला अकरा मीटर वेगाने चाललेली असतात. जो नवखा या घोळक्यात शिरताना घाबरतो, त्याच्या भयाने त्याला एक खरी गोष्ट सांगितलेली असते. ज्यांना आपण ओळखत नाही त्यांच्या हाती आपण आपली हाडे देत आहोत, हेच ते भय सांगत असते.

दुसरे ठिकाण वळणाचे. वळताना सायकलला धरून ठेवते ते टायर आणि रस्ता यांमधील घर्षण. वेग दुप्पट झाला तर लागणारी पकड चौपट होते. वीस मीटर त्रिज्येचे वळण ताशी ३६ किलोमीटर वेगाने घेताना आपल्या वजनाच्या निम्म्याइतकी पकड लागते. तेच वळण ताशी ४० ने घेतले तर सहा दशांशाहून अधिक लागते. वेग वाढला फक्त चार किलोमीटरांनी, पण मागणी जवळजवळ पाव हिश्श्याने वाढली. कोरड्या, स्वच्छ डांबरावर हे निभावते. पण तेथे वाळू असेल, बारीक खडी असेल, ट्रकचे डिझेल गळले असेल, पावसाने भिजलेला पांढरा पट्टा किंवा गटाराचे लोखंडी झाकण असेल, तर पकड एकदम सुटते. वळणाच्या मध्यावर घाबरून ब्रेक दाबणे म्हणजे जी थोडी पकड उरली आहे तीही ब्रेककडे देऊन टाकणे होय. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, हे तत्त्व.

तिसरे ठिकाण शेवटच्या किलोमीटरचे. तेथे सर्वांना एकाच वेळी पुढे यावयाचे असते आणि रस्त्याची रुंदी तर तेवढीच असते. वेग ताशी पन्नासच्या घरात जातो, दमलेल्या माणसाची नजर खाली झुकते, आणि जो तीन तास नीट चालला तोही कोपराने वाट काढू लागतो. वेग २० चा ४० झाला तर धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, हे येथे आठवावे. व्यवसायी शर्यतींत यावर एक नियम आहे. अनेक दिवसांच्या शर्यतीत सपाट टप्प्याच्या शेवटच्या तीन किलोमीटरांत जो पडेल, त्याला ज्या घोळक्यात तो होता त्या घोळक्याचीच वेळ मिळते. एकूण वेळेसाठी धडपडणाऱ्याला धोक्याच्या जागी कोपरे मारण्याचे कारण उरू नये, हा त्यामागचा हेतू. उपदेश न करता कारणच काढून टाकावे, ही रीत मला पसंत आहे.

आता भयाकडे येऊ. भय शरीरात काय करते? घाबरलेला माणूस हँडल घट्ट धरतो. त्याची कोपरे ताठ होतात, खांदे वर येतात, श्वास अडकतो. ताठ हाताने धरलेली सायकल रस्त्याचा प्रत्येक धक्का सरळ हँडलात घेते, आणि ज्या बारीक हालचालींनी ती उभी राहते त्या हालचालींनाच ताठ हात अडवतो. शिवाय घाबरलेल्याची नजर ज्याची भीती वाटते त्यावर खिळते. तो खड्ड्याकडे पाहतो आणि खड्ड्यातच जातो, कारण सायकल नजरेमागे चालते. घाबरून तो घोळक्याच्या शेपटीला राहतो. तेथे तर वळणावळणावर अधिक ब्रेक दाबावे लागतात आणि पुन्हा जीव तोडून गाठावे लागते. पुढच्यांनी वेग थोडा कमी केला तर मागच्यांना तो बराच कमी करावा लागतो. बाजाच्या भात्याप्रमाणे घोळका आखडतो आणि ताणतो. म्हणजे धोका टाळण्यासाठी मागे गेलेला स्वार अधिक धोक्यात जाऊन पडतो. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' या म्हणीत शास्त्रही आहे ते असे.

परंतु यावरून 'भिऊ नकोस' असे सांगणे हा उपाय ठरत नाही. भय आज्ञेने जात नाही, आणि ते संपूर्ण जावे असेही मी म्हणणार नाही. ज्याला काहीच भय नाही, त्याच्या मागे कोणी शहाणा स्वार चाक लावीत नाही. भयातील माहिती घ्यावी आणि ताठरपणा तेवढा टाकावा. हे सरावाने साधते. हिरवळीच्या मैदानावर, सावकाश वेगात, दोघांनी खांद्याला खांदा लावून चालावे, मुद्दाम चाकाला चाक घासू द्यावे, आणि पडलेच तर गवतावर पडावे. पडताना हात पुढे टाकण्याची ओढ उपजत असते आणि तीच मनगट मोडते. म्हणून हात हँडलावर ठेवून खांदा आत घेऊन लोळण घ्यायला शिकावे. कोपरे वाकवून धरावी. नजर पुढच्याच्या चाकावर न ठेवता चार-पाच माणसे ओलांडून पुढे ठेवावी, म्हणजे खळबळ आपल्यापर्यंत येण्याआधी दिसते. वळणावर हळू श्वास सोडावा, कारण श्वास सोडताना अंग ताठ ठेवणे अवघड जाते.

मोठमोठ्या स्वारांनाही हे भय चुकलेले नाही. २०१२ साली 'टूर द फ्रान्स' जिंकणारा ब्रिटनचा ब्रॅडली विगिन्स २०१३ साली इटलीच्या शर्यतीत ओल्या उतारावर पडला, आणि त्यानंतर तो अंग आखडून सावकाश उतरताना साऱ्या जगाने पाहिला. त्याच वर्षी फ्रान्सच्या तिबो पिनो याने उतारावरच्या वेगाचे आपल्याला भय वाटते असे उघड सांगितले. त्याची थट्टाही झाली. पुढच्याच वर्षी, २०१४ साली, हाच पिनो 'टूर द फ्रान्स'मध्ये तिसरा आला. भय बोलून दाखवणारा नालायक असतो, ही समजूत किती पोकळ आहे हे यावरून दिसावे. जे बोलले जाते त्यावर काम करता येते. लपवून ठेवलेले दुखणे वैद्यालाही कळत नाही.

आता इतिहास थोडा पाहू. कारण पडण्याच्या भयाने एका देशात या खेळाचे रूपच बदलून टाकले होते. इंग्लंडमध्ये १८९४ साली जुलै महिन्यात एका क्लबच्या पन्नास मैलांच्या शर्यतीत स्वारांची एका घोडागाडीशी गाठ पडली. घोडा बिथरला, स्वार पडले आणि तक्रार पोलिसांपर्यंत गेली. सार्वजनिक रस्त्यावर सायकली न्यायलाच सरकार बंदी करील की काय, अशी धास्ती त्या वेळच्या सायकल संघटनेला वाटली, आणि तिने रस्त्यावरच्या घोळक्याच्या शर्यती स्वतःहून सोडून दिल्या. त्या शर्यतीत स्वतः असलेल्या फ्रेडरिक बिडलेक याने १८९५ साली निराळी रीत काढली. स्वारांना ठरावीक अंतराने एकएक करून सोडायचे, आणि घड्याळाविरुद्ध धावायला लावायचे. पहाटे, गडद कपडे घालून, मार्ग गुप्त ठेवून या शर्यती होत. घोळका नाही, म्हणून चाकाला चाक लागणे नाही. अर्धशतकाहून अधिक काळ इंग्लंडमधील बहुतेक हौशी स्वार असेच धावले.

ही बंदी मोडली ती १९४२ साली. महायुद्धामुळे पेट्रोल मिळेनासे झाले होते आणि रस्ते ओस पडले होते. पर्सी स्टॅलर्ड याने ७ जून १९४२ रोजी वेल्समधील लँगोलेन पासून वुल्वरहॅम्प्टनपर्यंत चाळीसेक स्वारांची घोळक्याची शर्यत घेतली. पोलिसांनी तिला साहाय्य केले. जुन्या संघटनेने मात्र भाग घेणाऱ्यांना काढून टाकले. त्यांनी आपली वेगळी संघटना काढली, आणि दोन्ही बाजूंचा झगडा १९५९ साली एकीकरण होईपर्यंत चालला. या भांडणात दोन्ही पक्षांकडे थोडे थोडे सत्य होते. बिडलेकने धोक्याचे मूळ काढून टाकले, पण त्याबरोबर खेळाचा अर्धा जीवही गेला. स्टॅलर्डने जीव परत आणला, पण त्यासाठी मोकळा रस्ता आणि पोलिसांचे साहाय्य आधी मिळवले. घोळक्याची शर्यत हवी असेल तर रस्ता मोकळा हवा, ही त्याची शर्त आपल्याकडे पुष्कळदा विसरली जाते.

हेल्मेटाची कथा मला एक कामगार कार्यकर्ता म्हणून विशेष विचार करायला लावते. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९९१ साली व्यवसायी स्वारांना हेल्मेट सक्तीचे करण्याचा प्रयत्न केला. त्या वर्षीच्या 'पॅरिस–नीस' शर्यतीत स्वारांनी त्याला विरोध केला, आणि संघटनेला माघार घ्यावी लागली. डोके तापते, चढावर ओझे होते, आणि आम्हाला न विचारता नियम केला, अशी त्यांची तक्रार होती. १८ जुलै १९९५ रोजी 'टूर द फ्रान्स'मध्ये एका घाटाच्या उतारावर इटलीचा फाबिओ कासार्तेल्ली पडून मरण पावला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. तीनच वर्षांपूर्वी, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये, त्याने रस्त्यावरच्या शर्यतीचे सुवर्णपदक मिळवले होते. फक्त हौशी स्वारांसाठी झालेली ऑलिंपिकमधली ती शेवटची शर्यत. तरीही सक्ती झाली नाही. मार्च २००३ मध्ये त्याच 'पॅरिस–नीस' शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव पडला आणि मरण पावला. त्यानंतर मे २००३ पासून हेल्मेट सक्तीचे झाले. न विचारता लादलेला नियम माणसे झिडकारतात, हे मी कारखान्यांत पाहिले आहे. पण विचारपूस झाली नाही म्हणून डोके उघडे ठेवणे हा आपल्याच जिवाशी केलेला संप आहे, हेही कामगारांना मी सांगत आलो आहे.

मात्र हेल्मेटाकडून किती अपेक्षा करावी हेही माहीत हवे. युरोपातील मान्य कसोटीत हेल्मेट सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट लोखंडावर टाकले जाते. म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर वेगाने आदळते. सायकलवरून बाजूला पडणाऱ्याच्या डोक्याची उंची साधारण तेवढीच असते. त्या पडण्यासाठी ते बनवलेले आहे. समोरून येणाऱ्या ट्रकसाठी नव्हे. आतला फेस एकदा दबला की तो पुन्हा फुगत नाही, म्हणून आदळलेले हेल्मेट टाकून द्यावे. आणि डोक्याला मार लागलेल्या स्वाराला, तो कितीही 'मी ठीक आहे' म्हणाला तरी, त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू देऊ नये.

शेवटचे उदाहरण जवळच्या काळातले आणि सर्वांत दुःखद आहे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथे जागतिक स्पर्धेत तरुण मुलींची शर्यत पावसात चालली होती. म्युरिएल फुरर ही अठरा वर्षांची स्विस मुलगी उतारावर रस्ता सोडून झाडीत गेली. ती पडली हे बराच वेळ कोणाला कळले नाही. दुसऱ्या दिवशी ती मरण पावली. जगातील श्रीमंत देशात, जागतिक स्पर्धेत, एक स्वार कमी झाली हे मोजायला कोणी नव्हते. पुढच्या वर्षी, २०२५ साली, रवांडात किगाली येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत प्रत्येक स्वार कोठे आहे हे कळावे म्हणून ठिकाण दाखवणारी यंत्रे वापरली गेली. ज्यांच्यापाशी अशी यंत्रे नाहीत त्यांनाही माणसे मोजता येतात. प्रत्येक उताराच्या माथ्याशी आणि पायथ्याशी एकएक मनुष्य वही घेऊन बसवला, तर वर किती गेले आणि खाली किती आले हे पाच मिनिटांत कळते. एवढ्याला पैसा लागत नाही.

आपल्या महाराष्ट्रात सायकल शर्यतीची परंपरा मोठी आहे. मुंबई-पुणे शर्यत आणि बोरघाट चढून पहिला येणाऱ्याला मिळणारी 'घाटाचा राजा' ही पदवी सर्वांना ठाऊक आहे. त्या शर्यतीचा मोठा घाट चढणीचा आहे, उताराचा नव्हे. चढावर वेग कमी असतो, हवेचा जोर कमी असतो आणि घोळका आपोआप विस्कटतो, म्हणून पडण्याचे भय तेथे कमी असते. खरी काळजी लागते ती गावोगाव जत्रेनिमित्त, जयंतीनिमित्त होणाऱ्या लहान शर्यतींची. तेथे पंधरा वर्षांचा मुलगा आणि तीस वर्षांचा गडी एकाच ओळीत उभे असतात. साध्या सायकली आणि बारीक टायरच्या सायकली एकत्र धावतात. वाटेत पांढरा पट्टा न मारलेला गतिरोधक असतो, उसाच्या ट्रॉलीतून पडलेली कांडी असतात, मोकाट कुत्री असतात, आणि शेवटची रेषा बहुधा चौकातल्या मंडपापाशी, वळण घेतल्याबरोबर असते. का, तर पाहुण्यांना खुर्चीवरून दिसावे म्हणून! पडला तो निष्काळजी, असे मग आपण म्हणतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. घोळक्यातील धोका एकट्याचा नाही, म्हणून त्यावरचा उपायही एकट्याच्या धैर्याने होणार नाही. स्वाराने शिकावे, हेल्मेट घालावे, ब्रेक आणि टायर आदल्या रात्री तपासावे, हे त्याचे काम. बाकीचे काम आपले. नवख्यांचा आणि जाणत्यांचा घोळका वेगळा सोडावा. मार्ग आदल्या दिवशी सायकलवरूनच पाहावा, वाळू झाडून काढावी, गतिरोधकावर चुना मारावा. वळणावरच्या खांबांना गवताच्या पेंढ्या किंवा जुन्या गाद्या बांधाव्या. धोक्याच्या जागी शिट्टी आणि झेंडा घेऊन माणूस उभा करावा. शेवटची रेषा सरळ, रुंद रस्त्यावर, वळणापासून दोन-तीनशे मीटर तरी दूर असावी. रुग्णवाहिका शर्यतीच्या मागे चालावी, मंडपाशेजारी उभी राहू नये. आणि प्रत्येक स्वाराचा अपघात-विमा शर्यतीच्या दिवसापुरता तरी उतरवावा.

येथे बसलेल्यांपैकी कित्येकजण अशा शर्यतींना देणगी देतात. पहिले बक्षीस मोठे असावे, फलकावर आकडा ठळक दिसावा, अशी देणगीदाराची इच्छा असते, आणि ती स्वाभाविक आहे. माझी विनंती एवढीच की यंदा चिटणीस पावतीपुस्तक घेऊन दारी आले, तर देणगी देण्यापूर्वी त्यांना तीन प्रश्न विचारावे. रुग्णवाहिका ठरली काय? विमा उतरवला काय? उताराच्या पायथ्याशी मोजायला कोण बसणार आहे? उत्तर नाही आले, तर बक्षिसाच्या रकमेतले थोडे पैसे आधी तिकडे लावायला सांगावे. आणि ज्यांच्यापाशी द्यायला पैसे नाहीत त्यांनी त्या दिवशी सकाळी दोन तास काढावे. शर्यत जाईपर्यंत मुलाचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभे राहावे, किंवा वही-पेन्सिल घेऊन त्या पायथ्याशी बसावे.